चोरीचं कलम

आमच्या कॉलनीत रोप कोणी विकत आणत नसे, आणि मागून तर अजिबात नेत नसे. सातपूरच्या कारखान्यांमागे कामगारांसाठी बांधलेल्या त्या बैठ्या चाळी. समोरासमोर घरं आणि मधे एवढीशी गल्ली की दोन्हीकडच्या बायकांनी आपापल्या ओट्यावर बसून एकाच सुपातले तांदूळ निवडावेत. प्रत्येक ओट्यावर तेलाचे रिकामे डबे, बूड गेलेल्या बादल्या, कान तुटलेली पातेली, आणि त्यांत माती भरून लावलेला पुदिना, पानओवा, सब्जा, गवती चहा. सकाळच्या पाळीचा भोंगा झाला, सायकलींच्या घंटा वाजत वाजत पुरुषमाणसं गल्लीबाहेर गेली की बायकांचा खरा दिवस सुरू व्हायचा. कोणीतरी सहज म्हणून चालत निघायची, कोणाच्या तरी ओट्याजवळ चप्पल नीट करायला वाकायची, टच्‌कन एक बारीक आवाज व्हायचा आणि डहाळी पदराखाली. जिची डहाळी गेली ती समोरच बसलेली असायची, पण नेमकी त्याच वेळी तिला आभाळात काहीतरी दिसायचं. मागून आणलेलं रोप जगत नाही, पळवून आणलं तरच ते मातीत पाय रोवतं, असा सगळ्यांचा ठाम समज होता. त्यामुळे आमच्या गल्लीतली प्रत्येक बाई चोर होती आणि कोणाच्याही घराला दिवसा कडी नसायची.

फक्त आमच्याकडून कोणी काही चोरत नसे.

आणि आमच्याकडे चोरण्यासारखं नव्हतं असं नाही. माझ्या आईचा मरवा अख्ख्या कॉलनीत एकच. ज्यांनी मरवा पाहिला नाही त्यांना सांगते, बोटाच्या पेराएवढीही पानं नसतात त्याची, राखाडी हिरवी, पण नुसता हात लागला तर संध्याकाळपर्यंत बोटांना वास राहतो. मोगऱ्याच्या गजऱ्यात मरव्याची एक काडी गुंफली की गजरा कोमेजला तरी केस घमघमत राहतात. पण झाड महानखरेल. पाणी जास्त झालं की कुजतं, कमी झालं की रुसतं, आणि नाशिकच्या उन्हाळ्यात तर जीवच टाकतं. आई त्याला तान्ह्या पोरासारखं या सावलीतून त्या सावलीत फिरवायची. गल्लीतल्या बायका यायच्या, नाक जवळ न्यायच्या, डोळे मिटून म्हणायच्या, "काय वास आहे हो पगारेबाई!" आणि हात मागे बांधून निघून जायच्या. आई हसायची. मग आत येऊन भाकरी अशी थापायची की परातीखाली जमीन हादरावी.

का चोरत नाहीत, यावर आमच्या घरात तीन मतं होती. आण्णांचं म्हणणं, लोक आपल्याला मान देतात. आण्णा म्हणजे माझे वडील. कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला होते, आणि सुटी झाल्यावर गेटवर झडती घेणाऱ्यानं विचारायच्या आत स्वतःच डबा उघडून दाखवायचे. झडतीवाला म्हणायचा, "पगारे, राहू द्या," तरी झाकण काढूनच दाखवायचे. घरात एकच कायदा होता, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही. "आपल्याकडं बघणारे डोळे निराळे असतात," असं ते म्हणायचे, आणि पुढं काही बोलायचे नाहीत. आईचं मत असं की मरवा लागणार नाही म्हणून घाबरतात. माझं मत मी मनात ठेवलं होतं. आम्ही बौद्ध. गल्लीत आमचं एकच घर. दारातून आत डोकावलं की समोरच्या भिंतीवरच्या तसबिरी आम्ही कोण ते सांगून मोकळ्या व्हायच्या. बायका आमच्या ओट्यावर बसायच्या, गप्पा मारायच्या, पण चहाचं विचारलं की नेमका त्यांचा आत्ताच झालेला असायचा.

आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी. हे वाक्य या पुस्तकात तुम्ही याआधी वाचलं असेल आणि पुढंही वाचाल, मी ते गाळणार नाही. तर त्या वर्षी मी नुकतीच कॉलेजात गेले होते, विषय वनस्पतिशास्त्र, आणि गल्लीत माझं नाव जाऊन त्या जागी 'कॉलेज' आलं होतं. "ए कॉलेज, जरा सुई ओवून दे." "ए कॉलेज, ह्या गोळीवर काय लिहिलंय वाच." मला त्याचा अभिमानच वाटायचा. आणि त्या अभिमानात मी ठरवून टाकलं की चोरी केल्यानं रोप लागतं हा अडाणीपणा मी मोडून काढणार. आमच्या सरांनी वर्गात छाटकलमं शिकवली होती. पेराच्या खाली तिरका काप घ्यायचा, खालची पानं काढायची, शेंड्याची चार ठेवायची. बाजारातली औषधी पूड नसली तरी चालतं, म्हणाले, मुळं फुटायला घरातल्या वस्तूही मदत करतात. मग काय, मी आमचं दीड खोलीचं घर प्रयोगशाळा केलं.

पहिला प्रयोग मधाचा. मरव्याच्या काड्या मधात बुडवून मी ओल्या वाळूत खोचल्या. मुळांच्या आधी मुंग्या आल्या. त्या वाळूतून भिंतीवर, भिंतीवरून फळीवर आणि फळीवरून आण्णांच्या गुळाच्या डब्यात गेल्या. दुसरा प्रयोग दालचिनीच्या पुडीचा. काप कुजू नये म्हणून ती लावायची होती, पण पूड करायला मी खलबत्ता घेतला तसा आईनं हात धरला. "मसाल्यात घालायलासुद्धा पुरत नाय ती, आणि तू झाडाच्या बुडाला लावती?" तिसरा प्रयोग सगळ्यात थोर. सरांनी सांगितलं होतं की विलो नावाच्या झाडाच्या कोवळ्या फांद्या पाण्यात भिजवल्या तर त्या पाण्यात कलमं भराभर मुळं धरतात. मी विचारलं, "सर, नाशकात विलो कुठे मिळेल?" सर म्हणाले, "पुस्तकात बघ." पुस्तकात त्याच्या इथल्या भाऊबंदाचं नाव होतं वाळुंज. ते मी मैत्रिणींबरोबर गोदावरीच्या काठी जाऊन हुडकून आणलं, फांद्या ठेचल्या, भिजवल्या, ते पाणी तांब्यात गाळलं आणि तांब्या मोरीच्या कट्ट्यावर झाकून ठेवला.

आण्णा कामावरून आले ते डोकं धरून. आले आणि तो तांब्या उचलून घटाघटा प्यायले.

"आज पाणी तुरट का लागतंय गं?" त्यांनी विचारलं.

मी रिकाम्या तांब्यात डोकावून बघितलं. शेवटी म्हटलं, "आण्णा, ते कलमांना मुळं फुटायचं पाणी होतं."

आईनं पोळी तव्यावर तशीच सोडली. आण्णांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "झालं. आता उद्या सकाळी ह्यांना अंथरुणातून उपटून काढावं लागंल."

आण्णांना मुळं फुटली नाहीत, पण डोकेदुखी मात्र थांबली. त्यामागचं शास्त्र मला पुढे कळलं, ते झाड वेदनेवरचं जुनंच औषध आहे. तेव्हा एवढंच कळलं की पुढचे कित्येक दिवस आण्णा कामावरून आले की हळूच विचारायचे, "ते झाडाचं पाणी उरलंय का गं?" आणि माझ्या कलमांच्या वाट्याला काही यायचं नाही.

शेवटी लागली ती कोरफडीच्या गरात बुडवलेली कलमं. वाळू ओली, भांड्यावर काच, जागा सावलीची. आणि आईनं माझ्या नकळत त्यांना मटकी भिजवलेलं पाणी घातलं होतं. आमच्याकडे रविवारी मिसळ ठरलेली, त्यामुळे शनिवारी फडक्यात बांधलेली मटकी आणि तिचं पिवळट पाणी घरात असायचंच. मुळं कशानं फुटली यावर आमच्या दोघींचा वाद शेवटपर्यंत मिटला नाही. मी म्हणायची कोरफड, ती म्हणायची मटकी. आता माझी नात मला मोबाइलवर व्हिडिओ पाठवते, आजी बघ, कोरफडीनं मुळं फुटतात, मधानं फुटतात, मोड आलेल्या कडधान्याच्या पाण्यानं पण फुटतात. मी तिला उत्तर पाठवते, मुंग्यांचं काय ते विचार त्यांना.

मुळं धरलेली ती कलमं मी दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांत ओली माती घालून, वरून सुतळीची गाठ मारून तयार केली. आई म्हणाली, "चोरत नाहीत तर नाहीत, आपण देऊ." ती स्वतः माझ्याबरोबर दारोदार आली. सगळ्यांनी घेतली. "अगं बाई, कशाला एवढा त्रास!" "अय्या, मरवा!" आई त्या दिवशी गाणं गुणगुणत भांडी घासत होती.

पुढे एके दिवशी वाऱ्यानं माझी ओढणी उडून देवरे काकूंच्या मागल्या अंगणात पडली. देवरे काकू आमच्या समोरच्या ओळीतल्या. नामपूरकडच्या, माहेरची बोली अहिराणी, अंगानं धिप्पाड, आवाज असा की कारखान्याचा भोंगा बंद पडला तर यांना उभं करावं. मी ओढणी उचलायला गेले तर पत्र्याखाली आमची पिशवी दिसली. आतला मरवा वाळून पिवळा झालेला. सुतळीची गाठ तशीच होती. माझीच गाठ, मी ओळखली. कोणी सोडायचा प्रयत्नही केला नव्हता.

मी आईला ते सांगितलं नाही. कितीतरी वर्षांनी, देवरे काकू म्हाताऱ्या झाल्यावर, मी त्यांना तोंडावर विचारलं. त्या म्हणाल्या, "दिलेलं लागत नाय ना, मग कशाला सोडायची गाठ?" मी तेव्हा त्यावर विश्वास ठेवला नाही आणि खरं सांगायचं तर आजही पुरता ठेवत नाही. पण बाकीच्या घरांतही आमचा मरवा कुठे दिसला नाही, हे आईच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. तिचं गुणगुणणं बंद झालं.

आण्णांना ते बघवेना. त्यांनी एक फळी घेतली. कारखान्यातली नाही, लाकडाच्या वखारीतून पैसे देऊन आणलेली. तिच्यावर चुन्यानं स्वच्छ अक्षरांत लिहिलं, 'मरवा पाहिजे असल्यास मागून घ्यावा.' आणि ती पाटी मरव्याच्या डब्यात उभी केली. संध्याकाळपर्यंत अख्खी गल्ली पदर तोंडाला लावून हसून गेली.

"अहो, मागून घ्यावा काय लिहिता!" आई कळवळून म्हणाली. "मागितलेला लागत नाय म्हणूनच तर—"

"मग काय लिहू? चोरून न्यावा?"

"काहीच लिहायचं नसतं त्यात!"

"आपल्या दारात कुणाला चोरी करायला लावायची नाय मला," आण्णा म्हणाले, आणि पाटी राहिली.

त्या दिवसांत मी परीक्षेचा अभ्यास ओट्यावर बसून करायची. पुस्तकात कमी आणि गल्लीत जास्त लक्ष. बघता बघता मला एक गोष्ट उमगली. शेजारच्या जाधव मावशी देवरे काकूंचा पुदिना उचलायच्या, म्हणून देवरे काकू हक्कानं जाधव मावशींचा सब्जा उचलायच्या. चोरीचं येणंजाणं होतं ते, हळदीकुंकवासारखं. आज तू माझ्याकडे, उद्या मी तुझ्याकडे. आणि आम्ही? आईनं आजवर कोणाच्या ओट्यावरचं वाळलेलं पानही उचललं नव्हतं. जी कधी येत नाही तिच्याकडे जायचं कसं? निदान तसं म्हणायला त्यांना जागा होती, आणि ती जागा मला बुजवायची होती. हा माझा सिद्धांत. आता प्रयोग.

"आई," मी म्हटलं, "तुला चोरी करावी लागेल."

आईनं हातातलं लाटणं उगारलं. "आण्णांनी ऐकलं तर घराबाहेर काढतील दोघींना!"

"सगळ्याच करतात."

"सगळ्या करतात गं." ती लाटणं खाली ठेवून बसली. मग हळू आवाजात म्हणाली, "जाधवीण करती तेव्हा ती गंमत असती. मी केली तर ती चोरी असंल."

कॉलेजात मला कोणी एवढी सरळ गोष्ट एवढ्या कमी शब्दांत शिकवली नव्हती. पण माझं वयच असं होतं की मला त्याचं उत्तरही तयार सापडलं. "तेच बघायचंय ना," मी म्हटलं. "गंमत होते का चोरी होते ते. एकदाच. मग मी पुन्हा नाव काढणार नाही."

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी बघते तर आई आरशासमोर. चांगली साडी, केस चापूनचोपून, कपाळावर नवी टिकली.

"कुठं निघालीस?"

"चोरीला," आई म्हणाली. "लोकांनी बघितलं तर निदान बरी तरी दिसायला नको का?"

देवरे काकूंचा पानओवा गल्लीत नावाजलेला. एकेक पान हाताच्या तळव्याएवढं, जाड, मखमली. खोकल्याच्या काढ्याला तेच पान, भज्यांनाही तेच. मी ओट्यावर पुस्तक घेऊन पहाऱ्याला बसले. आई गल्ली ओलांडून गेली, डब्याजवळ थांबली, हात पुढे केला, मागे घेतला. पुन्हा पुढे केला, पुन्हा मागे. मग तिनं पदर नीट केला, दोन पायऱ्या चढली आणि देवरे काकूंच्या दारावर टकटक केली.

मी पुस्तक मिटलं. संपलं सगळं.

दार उघडलं. "काय शे वं, पगारेबाई?"

"देवरेबाई," आई म्हणाली, आणि तिचा आवाज मला इथपर्यंत स्वच्छ ऐकू आला, "मी तुमचा ओवा चोरायला आले."

देवरे काकूंनी आईकडे बघितलं, तिच्या साडीकडे बघितलं, समोर माझ्याकडे बघितलं. चिडल्या की त्यांची भाषा थेट नामपूरला परत जायची. "सांगीसन चोरतस का कोनी?"

"न सांगता कसं घेऊ? मला जमत नाय."

"अन् आता मी काय म्हणू? घे म्हटलं तर ते दिल्यासारखं झालं. लागंल का मग ते?"

"मग नको म्हणा."

"नको म्हटलं तर नेशील?"

"नको म्हटल्यावर कसं नेऊ हो?"

दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभ्या. एवढा अवघड पेच आमच्या सरांनाही सुटला नसता. शेवटी देवरे काकूंनी दोन्ही हात जोडले, आईला नाही, वर देवाला. "मी झोपले," त्या म्हणाल्या आणि धाडकन दार लावलं. पुढच्याच क्षणी आतून घोरणं सुरू झालं. झोपलेलं माणूस एवढ्या तालात घोरत नाही, आणि मधून मधून "अजून गेली नाय का?" असंही विचारत नाही.

आईनं डोळे मिटले आणि ओढलं. टच्‌ नाही, फर्र्‌ असा आवाज झाला. डहाळी नव्हे, अर्धं झाड तिच्या हातात आलं, मातीसकट. ते छातीशी धरून माझी आई चांगल्या साडीत गल्लीतून पळाली. मी तिला पळताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ती आत शिरली, पाठोपाठ मी शिरले, आणि बाहेर भोंगा झाला.

"कोन शे ती सटवी! माझा ओवा उपटला! हात झडो तिचे! भवानी मेली, भर दुपारी!"

आईचा चेहरा पांढराफटक. "खरंच चिडल्या गं."

मी दाराआड उभी राहिले. खरं सांगते, मी एका शब्दाची वाट बघत होते. आमच्या लोकांना भांडणात हमखास ऐकावा लागणारा शब्द. तो कुठून येईल, कोणत्या शिवीच्या पाठीमागून येईल, म्हणून माझे कान ताठ झाले होते. सटवी आली, भवानी आली, टवळी आली, कैदाशीण आली. तो शब्द आला नाही. जाधव मावशींना पुदिन्यासाठी मिळतात त्याच शिव्या आईला मिळाल्या, त्याच चालीत, त्याच क्रमानं.

मागल्या दारानं जाधव मावशीच आत आल्या. गल्लीतली कुठलीही बातमी घडायच्या आधी त्यांना कळायची. "अहो पगारेबाई, घाबरता काय! शिव्या पडल्या नाहीत तर चोरलेलं पण लागत नाही. तुम्हाला तर भरभरून दिल्यात. जंगल होईल आता!" आणि पाटावर बसत म्हणाल्या, "चहा टाका बघू. चोरी करून आलं की चहा पाजायचा असतो."

आईनं चहा टाकला. मावशी प्यायल्या. मी तो कप बघत बसले होते, रिकामा होईपर्यंत.

एवढ्यात आण्णा आले. मी ओव्याचे तुकडे पेराखाली कापून कोरफडीत बुडवत होते आणि आई त्यांच्यासाठी मटकीचं पाणी गाळत होती. आण्णांनी सगळ्यांवरून नजर फिरवली.

"हे कुठनं आलं?"

"देवरेबाईंकडनं," आई म्हणाली.

"दिलं त्यांनी?"

"नाय." आईनं गाळणं खाली ठेवलं. "चोरलं."

आण्णांनी डबा जमिनीवर ठेवला. आवाज चढवला नाही, उलट उतरला. "चोरीला कलम लागतं. माहीत हाय ना?"

"तेच तर आम्ही म्हणतोय भाऊजी!" जाधव मावशी उसळल्या. "चोरीलाच कलम लागतं! मागून आणलेलं कुठं लागतंय?"

आण्णा हसले नाहीत. "मी जन्मभर कुणी म्हणायच्या आधी डबा उघडून दाखवला. का, ते तुला ठाऊक हाय. आत्ताच्या आत्ता जायचं, आणि तोंडानं सांगायचं त्यांना, मी नेलं म्हणून."

"सांगितलंय," आई म्हणाली.

"कधी?"

"चोरायच्या आधी. दार वाजवून."

आण्णा तिच्याकडे बघतच राहिले. एवढी वर्षं जपलेल्या त्यांच्या कायद्यात याला कुठलंच कलम नव्हतं. त्यांनी विचारलं, "मग त्या काय म्हणाल्या?"

"झोपल्या."

जाधव मावशींना ठसका लागला. आण्णा वळले, ओट्यावर गेले आणि पाटी डब्यातून उपटून आत घेऊन आले. ती त्यांनी मोरीत उलटी टाकली, तिच्यावर बादली ठेवली आणि हातपाय धुवायला बसले. त्या विषयावर ते पुढे कधीही बोलले नाहीत, फक्त ओव्याची भजी झाली तेव्हा सगळ्यांत जास्त त्यांनी खाल्ली.

ओवा लागला. लागणारच होता, ओवा मढ्याच्या हातूनही लागतो. पण मला आणि आईला ओव्याशी कर्तव्य नव्हतं. आमचं लक्ष मरव्याकडे. आई रोज सकाळी ओटा झाडायच्या निमित्तानं बाहेर जायची, डब्याकडे न बघितल्यासारखं बघायची आणि आत यायची. मी विचारायची नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मरवा उभा होता तसाच, एकही काडी कमी नाही. इतकं सुंदर झाड मी पुन्हा पाहिलं नाही आणि कुठल्या झाडाचा इतका रागही मला कधी आला नाही. माझ्या सिद्धांताचा निकाल लागला असं मी मनाशी म्हणू लागले. दोन्हीकडच्या बायका बसत होत्या, हसत होत्या, सांगून केलेल्या चोरीची गोष्ट जाधव मावशी नकलेसकट परत परत सांगत होत्या. पण त्या हसण्याला मी भुलत नव्हते. हसून घरी जाणं निराळं आणि आमच्या दारातलं काही घरी घेऊन जाणं निराळं.

एका सकाळी मी केस विंचरत होते. बाहेर खराट्याचा आवाज चालू होता, तो थांबला. बराच वेळ काहीच नाही. मी बाहेर गेले. आई डब्यासमोर उकिडवी बसली होती. मरव्याची मधली, सगळ्यात जोमदार फांदी गायब होती. आणि शेजारची. आणि मागच्या बाजूची. कापलेली नाही, ओरबाडलेली. काठावर माती सांडलेली आणि मातीत रुंद अनवाणी पायाचा ठसा.

"आई," मी कुजबुजले, "शिव्या दे."

ती उठली. गल्लीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. तोंड उघडलं, मिटलं. माझ्या आईला शिव्या येत नव्हत्या. अंगावर येऊ नयेत म्हणून जपण्यातच तिचं आयुष्य गेलं होतं, दुसऱ्याला द्यायची वेळ कधी आलीच नव्हती.

"कोण आहे ती," ती म्हणाली, एवढ्याशा आवाजात. "जिनं नेला तिची… तिची भाकरी फुगायची नाय!"

जाधव मावशी त्यांच्या ओट्यावर कपाळाला हात लावून बसल्या. "अहो, ही काय शिवी आहे?"

"तिच्या उसळीत खडा निघंल!" आईनं अजून एक शोधून काढली.

गल्लीतल्या दारांतून एकेक डोकं बाहेर आलं. कोणी हसत नव्हतं, सगळ्या वाट बघत होत्या. तेवढ्यात देवरे काकूंच्या बंद दाराआडून आवाज आला, असा की पत्रे थरथरले.

"जोरमा दे ना वं माय! एवढ्याशा शिवीनं मरी जाई ना ते कलम!"

आईनं त्या दाराकडे बघितलं. मग तिनं कमरेला पदर खोचला, खराटा उचलला आणि छाती भरून श्वास घेतला.

"सटवे!" माझी आई ओरडली, आणि गल्लीच्या टोकाला कोणीतरी सायकल थांबवून मागे वळून बघितलं. "भवाने! टवळे! माझा मरवा नेलास!"

आण्णा आत डबा भरत होते. "अगं, हळू," ते दारातून म्हणाले, "लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या," आई म्हणाली, "त्यांचंच काम करतेय," आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.